महानसातील धूर

न्यायशास्त्राचा ज्यांनी अल्पसा तरी परिचय करून घेतला आहे, त्यांस पर्वतावरील धुराचे उदाहरण ठाऊक असते. दूरच्या डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान. आणि त्या अनुमानाला आधार म्हणून जो दृष्टान्त द्यावयाचा तो महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तून हाच दृष्टान्त विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला. स्वयंपाकघरात धूर आहे त्या अर्थी विस्तवही आहे, ही गोष्ट इतकी सर्वांच्या अनुभवाची की तीविषयी शंका घेण्यास जागाच नव्हती. धुरावरून अग्नी ओळखण्याचे काम आमच्या पंडितांनी निर्दोष केले. त्या धुरापाशी रोज बसणाऱ्या व्यक्तीचे काय होते, हा प्रश्न मात्र त्या दृष्टान्तात कधी आला नाही. आणि तो येण्याचे कारणही नव्हते, कारण दृष्टान्त देणारा चुलीपाशी बसत नव्हता.

धुराचा इतिहास चाळू लागले म्हणजे हीच गोष्ट निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटते. गिरणीच्या धुराड्यातून निघणारा धूर लोकांच्या डोळ्यांत भरला, त्याविरुद्ध ओरड झाली, कायदे झाले, निरीक्षक नेमले गेले. चुलीचा धूर त्याहून पुरातन, त्याहून व्यापक आणि माणसाच्या नाकाशी अधिक जवळचा. पण तो सर्वांच्या परिचयाचा होता, एवढ्यामुळेच तो कोणी मोजला नाही. जो धूर दुरून दिसला त्याचा विचार झाला. जो जवळून श्वासात गेला तो हिशेबाबाहेर राहिला. प्रस्तुत लेखात या विसराचाच इतिहास थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

हा विचार सुचण्यास आमचे राहण्याचे ठिकाण कारण झाले, हे प्रथमच सांगितले पाहिजे. करोंद ही भोपाळच्या उत्तरेकडील वस्ती. शहराला लागणारे धान्य आणि भाजीपाला जेथे उतरतो ती कृषी उपज मंडी येथेच आहे. बैरसिया रस्त्याने थोडे पुढे गेले म्हणजे नबीबागेत 1976 साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था लागते. याच रस्त्याने जुन्या शहराकडे निघाले तर युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्याचा परिसर येतो. आणि 1984 च्या डिसेंबरातील 2 व 3 तारखांमधील त्या रात्री ज्यांच्या फुप्फुसांना इजा झाली त्यांच्यासाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालयही करोंदलाच आहे. श्वासाची किंमत या भागाला जितकी ठाऊक आहे तितकी ती देशात फार थोड्या ठिकाणी ठाऊक असेल.

तथापि त्या रात्रीचा वायू आणि आमचा आजचा विषय यांत भेद केला पाहिजे. मिथाइल आयसोसायनेट हा एका कारखान्यातून, एका रात्री सुटलेला विषारी वायू होता. त्याला दिनांक आहे, गुन्हेगार आहे, खटला आहे, स्मारक आहे. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत ते इंधन जाळल्याने उठणारे सूक्ष्म कण होत. त्यांना दिनांक नाही. ते रोज सकाळ-संध्याकाळ उठतात, आणि ज्या घरातून उठतात त्याच घराला प्रथम ग्रासतात. हिवाळ्याच्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुले ओळीने उभी राहिली म्हणजे कोणत्या मुलाच्या घरी चूल पेटते हे आम्हांस त्याच्या स्वेटरला येणाऱ्या वासावरून कळते, आणि पुष्कळदा त्याच्या खोकल्यावरूनही कळते.

हे कण म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगणे अवश्य आहे. लाकूड, शेणी अथवा कोळसा यांस पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर त्यांतील कर्ब जवळजवळ पूर्णपणे जळतो. सरपण ओले असेल, चूल कोंदटलेली असेल, तर ते ज्वलन अर्धवट राहते; न जळलेला कर्ब आणि डांबरासारखे पदार्थ बारीक कणांच्या रूपाने हवेत जातात. त्यांतील मोठे कण भिंतीवर काजळी होऊन बसतात अथवा नाकात अडकतात. परंतु अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असलेले कण, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे पंचविसावा-तिसावा भाग भरतील एवढे, थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. डोळ्यांना झोंबणारा दाट धूर निदान आपली वर्दी देतो. हे कण विरळ झाले म्हणजे दिसतही नाहीत. हिवाळ्यात भोपाळसारख्या पठारावरील शहरात रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि वस्तीतील धूर वर न जाता खालीच तरंगत राहतो.

धुराने माणूस आजारी पडतो, हे प्राचीनांस ठाऊक नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेत धुराने पीडित झालेल्या मनुष्याची लक्षणे दिली आहेत. श्वास लागणे, खोकला, शिंका, डोळ्यांची आग ही त्यांत आहेत आणि उपचारही सांगितले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उन्हाळ्यात चूल कोठे व केव्हा पेटवावी याविषयी नियम आढळतात. परंतु वैद्याने विचार केला तो आग लागून कोंडल्या गेलेल्या माणसाचा, आणि राज्यकर्त्याने विचार केला तो नगराला आग लागू नये एवढ्याचा. धूर हा अपघात आहे, ही समजूत दोघांचीही होती. तो दिनचर्येचा भाग असू शकतो, हे कोणाच्या लेखणीत आले नाही.

युरोपातही निराळे घडले नाही. लंडनमध्ये दगडी कोळशाचा धूर असह्य झाल्यावरून पहिल्या एडवर्ड राजाने चौदाव्या शतकाच्या आरंभी तो जाळण्यास मनाई केली. ती फारशी कोणी पाळली नाही. 1661 साली जॉन एव्हलिन याने लंडनच्या धुरावर एक पुस्तिका लिहून ती राजाला अर्पण केली आणि कोळसा जाळणारे धंदे शहराबाहेर हलवावेत असे सुचविले. 1775 मध्ये पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या कर्करोगाचे मूळ काजळीत असल्याचे दाखवून दिले. तरीही पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे इंग्रज गृहस्थाला आपल्या दिवाणखान्यातील शेगडी हे घराचे हृदय वाटत राहिले आणि दोष मात्र गिरण्यांचाच मानला गेला. 1952 च्या डिसेंबरात, 5 ते 9 तारखांच्या दरम्यान, लंडनवर धुके आणि धूर यांची एकच चादर पसरली. तेव्हाच्या गणनेप्रमाणे सुमारे चार हजार माणसे दगावली. पुढील संशोधकांनी हा आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. त्यानंतर 1956 साली जो कायदा झाला त्याचे वैशिष्ट्य आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. कायद्याने प्रथमच घरातील शेगडीला हात घातला. धूररहित विभाग ठरविले. आणि जुनी शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीतून देण्याची सोय केली. राज्याचा नियम घराच्या आत शिरला तो रिकाम्या हाताने शिरला नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानात यंत्रयुगाबरोबर दगडी कोळसा आला. 1853 साली मुंबईहून ठाण्यास आगगाडी धावली, पुढील तीन वर्षांत मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली, 1877 मध्ये नागपूरची एम्प्रेस मिल चालू झाली आणि 1884 च्या सुमारास लोहमार्ग इटारसीहून भोपाळपर्यंत येऊन पोहोचला. धुरांडे हे प्रगतीचे चिन्ह झाले. परंतु धूर गोऱ्या वस्तीवर आणि राज्यकारभाराच्या इमारतींवर बसू लागताच सरकारने त्याची दखल घेतली. कलकत्ता व हावडा येथील धुरासाठी 1863 मध्येच कायदा झाला. बंगालचा अधिक कडक कायदा 1905 साली आला. आणि मुंबई इलाख्याचा धूरविषयक कायदा 1912 साली संमत झाला. धुराचा काळेपणा ठरविण्यासाठी रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने तयार केलेला छटांचा तक्ता असे. निरीक्षक तो तक्ता समोर धरी, धुराड्याच्या तोंडाकडे पाही आणि धुराची छटा तक्त्यातील कोणत्या चौकटीशी जुळते हे टिपून घेई.

या कायद्यांतील एक तरतूद इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचण्याजोगी आहे. भट्टी कशाला म्हणावे याची व्याख्या करताना प्रेतदहनाचा अग्नी आणि खाजगी घरातील घरगुती उपयोगाचा अग्नी हे दोन्ही तीतून वगळले होते. त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परकीय सरकारला लोकांच्या धर्मात आणि घरात हात घालावयाचा नव्हता. आणि कोट्यवधी चुलींवर निरीक्षक तरी किती नेमणार? परंतु परिणाम असा झाला की कायद्याच्या दृष्टीने चिता आणि चूल एका पंक्तीला बसल्या. ज्या धुरापाशी देशातील बहुसंख्य स्त्रिया दिवसाचे कित्येक तास घालवीत होत्या, तो धूर कायद्याच्या भाषेत धूरच नव्हता. रिंगेलमानच्या तक्त्यातील सर्वांत काळी चौकटही ज्याच्यापुढे फिकी पडावी अशा काजळीने माखलेल्या छपराखाली हा देश जेवण करीत होता आणि निरीक्षकाचे डोळे आकाशाकडे लागलेले होते.

चुलीकडे प्रथम लक्ष गेले ते कायदेपंडितांचे नव्हे, तर ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांचे. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचे काम चालू झाले. तेथील प्रयोगांतून जी सुधारलेली चूल पुढे आली तिला मगनचूल हे नाव मिळाले. माती तीच, सरपण तेच. फक्त विस्तवाला हवा नीट मिळावी आणि धूर नळीवाटे बाहेर जावा अशी रचना. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी 1953 साली लक्षावधी घरांना धूररहित स्वयंपाकघर कसे देता येईल या विषयावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. एका अभियंत्याने धरणे आणि पूल यांच्या काळात चुलीचा विचार करावा, ही गोष्ट आजही आदराने नमूद करावीशी वाटते.

वैद्यकाची साक्ष यानंतर आली. दिल्लीच्या डॉ. पद्मावती यांनी फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदयावर ताण येऊन जो रोग होतो त्याच्या 127 रुग्णांचा अभ्यास 1959 साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा रोग मुख्यतः उतारवयातील, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा. दिल्लीत तो स्त्रियांतही पुष्कळ आढळला आणि तोही कमी वयात. या स्त्रिया विडी ओढणाऱ्या नव्हत्या. मग त्यांच्या छातीत धूर आला कोठून? उत्तराचे बोट चुलीकडे वळत होते.

असे असूनही तो धूर प्रत्यक्ष मोजला जाण्यास आणखी दोन तपांचा काळ जावा लागला. 1981 साली कर्क स्मिथ हे अमेरिकन संशोधक आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातेतील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच मोजणीची उपकरणे लावली. स्वयंपाकाच्या वेळेत त्या ज्या हवेत श्वास घेत होत्या तीत दर घनमीटरमागे जवळजवळ 7 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 7,000 मायक्रोग्रॅम कण निघाले. पुढे 1994 साली आपल्या देशाने निवासी भागासाठी हवेतील एकूण तरंगत्या कणांची जी चोवीस तासांची मर्यादा ठरविली ती 200 मायक्रोग्रॅम होती. स्वयंपाकाचे काही तास आणि पूर्ण दिवस यांची तुलना अगदी काटेकोर होणार नाही, हे मान्य. तरी पस्तीस पटींचा हा फरक काटेकोरपणाच्या अभावाने नाहीसा होणारा नव्हे.

योगायोग असा की हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा भारताचा कायदाही त्याच 1981 सालचा आहे. त्याचे लक्ष मुख्यत्वे उद्योगांवर आणि मोकळ्या हवेवर राहिले. 2009 साली सुधारलेल्या मानकांत अडीच मायक्रॉनखालील कणांना प्रथमच स्थान मिळाले. त्यांची मर्यादा वर्षाच्या सरासरीने 40 आणि चोवीस तासांसाठी 60 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हीच मर्यादा अनुक्रमे 5 आणि 15 वर आणली. 2019 साली आपल्याकडे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला आणि मर्यादा न पाळू शकणाऱ्या शहरांच्या यादीत भोपाळचेही नाव आले. ही सर्व मोजमापे इष्टच आहेत. पण ती बाहेरच्या हवेची आहेत. मोजणीचे यंत्र चौकात बसते, चुलीशेजारी बसत नाही. 1912 च्या निरीक्षकाचे डोळे आकाशाकडे होते. आजच्या यंत्राची दृष्टी त्याहून पुष्कळ सूक्ष्म आहे, परंतु दिशा फारशी बदललेली नाही.

चुलीसाठी सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1983 मध्ये सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना आखली गेली आणि ती 2002 पर्यंत चालली. तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्याची नोंद आहे. त्यांपैकी कित्येक थोड्याच दिवसांत निकामी झाल्या. कोठे नळी तुंबली, कोठे माती फुटली, कोठे घरातील मोठे भांडे चुलीच्या तोंडावर बसेना. नोंद वाटपाची झाली, वापराची झाली नाही. आणि जिच्यासाठी चूल घडवावयाची तिला विचारण्याचे सोपस्कारही पुष्कळदा राहून गेले. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. तिने जोडणी घरातील स्त्रीच्या नावावर दिली, ही गोष्ट आमच्या मते अनुदानापेक्षाही मोलाची आहे. आजवर दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. तरीही 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबे देशात 58.6 टक्के आणि ग्रामीण भागात 43.2 टक्केच होती. सिलिंडर घरात आले. ते रिकामे झाल्यावर पुन्हा भरून आणणे हातावर पोट असलेल्या कुटुंबाला जमतेच असे नाही. मग ते कोपऱ्यात उभे राहते आणि चहापुरते पेटते. भाकरी, डाळ, आंघोळीचे पाणी चुलीवरच होते.

करोंदच्या आसपास या धुराला आणखी दोन वाटा फुटतात. पहिली शहराच्या कचऱ्याची. येथून जवळच भानपूर येथे अनेक वर्षे शहराचा कचरा साठत होता आणि त्याला लागणाऱ्या आगींचा धूर वस्त्यांवर येत असे. 2018 मध्ये तेथे कचरा टाकणे थांबले, ही समाधानाची गोष्ट. दुसरी वाट शेताची. गव्हाची कापणी यंत्राने होऊ लागल्यापासून खोडे शेतातच उभी राहतात आणि पुढील पेरणीच्या घाईत ती जाळली जातात, भाताचेही तसेच. 2024 च्या 15 सप्टेंबर ते 30 नोव्हेंबर या काळात उपग्रहांनी टिपलेल्या अशा आगी मध्य प्रदेशात सोळा हजारांवर गेल्या, तर ज्याच्याकडे सर्व देश बोट दाखवितो त्या पंजाबात त्या सुमारे अकरा हजार होत्या. राज्य सरकारने 2017 साली यावर दंड ठरविला आणि 2025 मध्ये खोडे जाळणाऱ्यांना शेतकरी साहाय्य योजनेतून वगळण्याचे जाहीर केले. खोडे न जाळता त्यांतच पेरणी करणारी यंत्रे नबीबागेच्या संस्थेच्या अभ्यासविषयांपैकी आहेत. अर्थात यंत्र संस्थेच्या आवारात असणे आणि ते पेरणीच्या चार दिवसांत लहान शेतकऱ्याला भाड्याने मिळणे, यांत पुष्कळ अंतर आहे. 1956 च्या इंग्रजी कायद्याचा धडा येथेही लागू पडतो: दंडाबरोबर साधनही दारात आले पाहिजे.

हे सर्व एका साहित्यसंस्थेच्या नियतकालिकात कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की या विसरात भाषेचाही वाटा आहे. आपल्या मराठीत चुलीविषयी शब्दांची किती समृद्धी आहे! भाणस, वैल, फुंकणी, सरपण, शेणी, निखारा, राखुंडी. विस्तवाच्या प्रत्येक अवस्थेला आपण नाव दिले. परंतु ‘चूल फुंकणे’ हा वाक्प्रचार आपण कशासाठी वापरतो? ज्याला अन्य काही जमत नाही त्याचे क्षुल्लक काम दाखविण्यासाठी. जे काम हीन ठरले, ते करताना होणारी इजाही क्षुल्लक ठरली. डोळ्यांत पाणी आले तर तो चुलीचा धूर, अशी सबब सांगून किती सासुरवाशिणींनी आपले रडणे झाकले, हे आपल्या कथाकारांना ठाऊक होते. पण तो धूरही खरा होता आणि तोही इजा करीत होता, हे सांगावयाचे राहिले. घरगुती धुराने 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लक्ष माणसे अकाली मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे; त्यांत पाच वर्षांखालील बालके 2,37,000 हून अधिक. भाणशीशेजारी पाळणा बांधण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांस या दुसऱ्या आकड्याचे नवल वाटू नये.

शिक्षकांनी यात काय करावे? मोठ्या योजना आपल्या हातच्या नाहीत. परंतु मोजणे आणि विचारणे हे आपले नित्याचेच काम आहे. वर्गातील किती मुलांच्या घरी चूल आहे, सिलिंडर किती दिवस पुरते, स्वयंपाकाच्या जागेला खिडकी आहे काय, सरपण कोण आणते, घरात कोणाला खोकला आहे, हे प्रश्न भूगोलाच्या अथवा विज्ञानाच्या तासाला मुलांनी घरी विचारून आणावेत. उत्तरे टिपताना मुलाला लाज वाटणार नाही एवढी काळजी आपण घ्यावी. स्थानिक इतिहासाच्या वह्यांत राजे आणि वाडे येतात. त्यांत एक पान चुलीचेही असू द्यावे. करोंदच्या मुलांना तर हे अधिकच शोभेल. एका रात्रीच्या वायूने त्यांच्या आजी-आजोबांचा श्वास हिरावला, त्याची मोजदाद व्हावी म्हणून येथील स्त्रिया वर्षानुवर्षे रस्त्यावर उभ्या राहिल्या. घरी परतल्यावर त्यांतील कित्येकींना पुन्हा धुरापाशीच बसावे लागले आणि त्या धुराची मोजदाद करा असे म्हणणारे कोणी नव्हते.

धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास आपण मुलांना शिकवितो, आणि ते शिकविलेच पाहिजे. आता त्याच दृष्टान्तात आणखी एका अनुमानाची भर घालण्याची वेळ आली आहे: महानसात धूर आहे त्या अर्थी तेथे कोणीतरी बसलेली आहे, आणि ती श्वास घेत आहे.